सस्पेंड नीट, रिझ्यूमनंतर टच मेलेला: ड्रायव्हरमध्ये नेमकं कुठे काय करायचं?

तांबडा_जंपर

एआरएम६४ बोर्ड, लिनक्स ६.६. बोर्ड झोपवून (सस्पेंड) उठवला (रिझ्यूम) की टचस्क्रीन चालत नाही. टच कंट्रोलर (स्पर्श ओळखणारी चिप) आयटूसीवर (दोन तारांची बस), पत्ता ०एक्स३८. इंटरप्ट (आयआरक्यू, चिपने प्रोसेसरला मारलेली हाक) लेव्हल-लो, म्हणजे तार खाली असेपर्यंत चालू; हँडलर (त्या हाकेला उत्तर देणारं फंक्शन) थ्रेडेड, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये. टचसाठी ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर (पुरवठा) आणि एक रीसेट जीपीआयओ (ड्रायव्हरने वर-खाली करायची पिन) आहे.

सस्पेंड फंक्शन असं: म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारा लॉक) घ्यायचा, डिसेबल_आयआरक्यू, पोलिंगचं डिलेड वर्क रद्द करायचं, रेग्युलेटर बंद, म्युटेक्स सोडायचा. रिझ्यूम: रेग्युलेटर चालू, एनेबल_आयआरक्यू, मग रजिस्टरं लिहायची. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) वेकअप-सोर्स (ही चिप बोर्ड जागा करू शकते अशी खूण) असेल तर सस्पेंड आणि रिझ्यूम दोन्ही सुरुवातीलाच शून्य परत करतात, म्हणजे काहीच करत नाहीत.

लक्षणं चार:

अ) रिझ्यूमनंतरचं पहिलं आयटूसी लिखाण बहुतेक वेळा -६ देतं.
आ) वेकअप-सोर्स लावून स्पर्शाने जागं केलं की 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' अशी वॉर्निंग आणि -१०८.
इ) क्वचित सस्पेंडमध्येच अडकतं आणि १२० सेकंदांनी पॅनिक.
ई) झोपवून लगेच उठवलं तर कधीकधी 'आयआरक्यू ५७: नोबडी केअर्ड' येतं. त्यानंतर मॉड्यूल काढून घातल्याशिवाय टच चालत नाही.

पीएम_टेस्ट (झोपेचे टप्पे अर्धवट चालवून बघायची कर्नलची सोय) 'डिव्हाइसेस'वर ठेवून चाचणी घेतली तर 'अ' दिसतं, 'आ' एकदाही दिसत नाही.

कोरडी_सोल्डर

आधी 'इ' घ्या. तो सगळ्यात सरळ आहे आणि पूर्णपणे तुमच्या क्रमातून आलाय.

डिसेबल_आयआरक्यू नुसता इंटरप्ट बंद करून परत येत नाही. चालू असलेला हँडलर, थ्रेडेड भागासकट, संपेपर्यंत ते थांबतं. तुमचा हँडलर तोच म्युटेक्स घेत असणार. म्हणजे सस्पेंड म्युटेक्स धरून हँडलरची वाट बघतंय आणि हँडलर म्युटेक्सची. दोघंही कायमचे अडकले. कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंकचंही तेच: वर्क फंक्शन तो म्युटेक्स मागत असेल तर म्युटेक्स धरून ते रद्द करायचं नाही. १२० सेकंद हा डीपीएम वॉचडॉगचा (झोपताना डिव्हाइस अडकलं तर पॅनिक करणारा कर्नलचा पहारेकरी) ठरलेला अवधी आहे. पॅनिकच्या स्टॅकमध्ये सिंक्रोनाइझ_आयआरक्यू दिसलं की समजा हेच झालं.

बरोबर क्रम:

१. कुठलाही लॉक न धरता डिसेबल_आयआरक्यू.
२. मग कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक. हे दुसरंच हवं, कारण हँडलर ते वर्क पुन्हा रांगेत टाकू शकतो. आधी वर्क रद्द केलं आणि नंतर इंटरप्ट बंद केला तर मधल्या फटीत नवं वर्क शिरतं आणि बंद रेग्युलेटरवरच्या चिपशी बोलायला जातं.
३. वर्क स्वतःच स्वतःला रांगेत टाकत असेल तरी 'सिंक' रूप ते सांभाळतं. पण वर्क आणि टायमर एकमेकांना उठवत असतील तर एक 'झोपतोय' असा झेंडा लागतो आणि तो दोघांनी तपासायला हवा.
४. आता हार्डवेअरला कोणी हात लावणार नाही. रीसेट, रेग्युलेटर वगैरे इथे. म्युटेक्स हवाच असेल तर याच टप्प्यात.

रिझ्यूमचे बहुतेक आजार सस्पेंडमध्येच पेरलेले असतात. सस्पेंड संपताना तीन गोष्टी ठामपणे सांगता आल्या पाहिजेत: इंटरप्ट येणार नाही, अर्धवट काम शिल्लक नाही, चिपला पुरवठा आहे की नाही हे मला माहीत आहे. यातली एक जरी 'बहुधा' असली तरी रिझ्यूम लिहिताना अंदाजावरच लिहावं लागतं.

आयआरक्यू_वाचक

'आ'बद्दल. ड्रायव्हर इथे काहीच करत नाही हे खरं, आणि अडचण तीच आहे.

कर्नलचा कोअर (झोपवणं-उठवणं चालवणारा भाग) ज्या टप्प्यांनी जातो ते असे. झोपताना प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड_लेट, मग सगळ्या डिव्हाइसांचे इंटरप्ट थोपवले जातात, मग सस्पेंड_नोआयआरक्यू. उठताना उलट: रिझ्यूम_नोआयआरक्यू, मग इंटरप्ट सुटतात, मग रिझ्यूम_अर्ली, रिझ्यूम, कम्प्लीट. प्रत्येक टप्पा सगळ्या डिव्हाइसांसाठी पुरा झाल्यावरच पुढचा सुरू होतो. टप्प्याच्या आत झोपताना पोरं आधी आणि आईबाप नंतर, उठताना उलट.

आता तुमचा स्पर्श. बोर्ड झोपलेला असताना इंटरप्ट आला. तो वेकअपसाठी सज्ज होता म्हणून कोअरने हँडलर न चालवता तो 'बाकी' म्हणून नोंदवला आणि सिस्टीम जागी केली. नोआयआरक्यू टप्पा संपून इंटरप्ट सुटले, त्या क्षणी बाकी राहिलेला हँडलर पळाला. पण तुमच्या आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हर साध्या 'रिझ्यूम' टप्प्यात उठत असेल तर बस अजून झोपलेलीच आहे. आयटूसी कोअर ते ओळखतो आणि -१०८ देतो. पोर आईबापाच्या आधी उठत नाही हा नियम कॉलबॅकना लागू आहे. इंटरप्ट हँडलरला तो कोणी लावत नाही.

उपाय दोन, आणि मी पहिला आधी बघेन:

आयटूसी कंट्रोलरच्या ड्रायव्हरचं सस्पेंड-रिझ्यूम नोआयआरक्यू टप्प्यात न्या. वेकअपची पोरं असलेल्या कंट्रोलरांसाठी हीच जागा योग्य. मग इंटरप्ट सुटायच्या आधीच बस तयार असते. मात्र त्या टप्प्यात रनटाइम पीएम (सिस्टीम चालू असतानाच एकेक डिव्हाइस झोपवणं) बंद असतं, त्यामुळे तिथे पीएम_रनटाइम_गेट_सिंकवर भिस्त ठेवू नका. कंट्रोलर आधीच रनटाइममध्ये झोपलेला असेल तर -१३ (परवानगी नाही) मिळतं. क्लॉक थेट चालू-बंद करा.

कंट्रोलरला हात लावता येत नसेल तर टचच्या सस्पेंडमध्ये वेकअप असतानाही डिसेबल_आयआरक्यू करा, आणि रिझ्यूममध्ये एनेबल_आयआरक्यू. कर्नलमध्ये लिहिल्याप्रमाणे 'इंटरप्ट चालू आहे का' आणि 'त्याने जाग येते का' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पण हे त्या इंटरप्ट चिपच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे, म्हणून 'डीप' आणि 'एसटूआयडल' या झोपेच्या दोन्ही प्रकारांत स्पर्शाने जाग येते का ते प्रत्यक्ष तपासा.

पीएम_टेस्टमध्ये 'आ' का दिसत नाही? 'डिव्हाइसेस' पातळी फक्त प्रिपेअर आणि सस्पेंड करून ५ सेकंद थांबते आणि परत फिरते. लेट आणि नोआयआरक्यू टप्पे तिच्यात येतच नाहीत, इंटरप्टही थोपवले जात नाहीत. ते बघायचं तर 'प्लॅटफॉर्म' पातळी लावा.

आणि आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड लावून हे 'सोडवू' नका. तो झेंडा टायमरसारख्या इंटरप्टांसाठी आहे. त्याने जाग येण्याची हमी नाही, उलट हँडलर नोआयआरक्यू टप्प्यातही चालत राहतो, म्हणजे हाच आजार आणखी वाढतो. एनेबल_आयआरक्यू_वेक आणि नो_सस्पेंड दोन्ही एकत्र लावलेले ड्रायव्हर बरेच दिसतात. त्यातलं एक नक्की चुकलेलं असतं. तसंच, डिव्हाइस ट्रीमध्ये वेकअप-सोर्स असेल तर वेक इंटरप्टची नोंदणी आयटूसी कोअर स्वतः करतो. ड्रायव्हरमध्ये पुन्हा तेच लिहायची गरज नाही.

बारा_व्होल्ट

'अ' आणि 'ई' हार्डवेअरच्या बाजूने सांगतो.

'अ' म्हणजे चिपने पत्त्याला ओ दिली नाही. पुरवठा दिल्यावर तिच्या आतला फर्मवेअर सुरू व्हायला वेळ लागतो. ०एक्स३८ पत्त्यावर बसणाऱ्या एफटी५एक्स०६ घराण्यासाठी मूळ कर्नलमधला ईडीटीचा ड्रायव्हर रीसेट सोडण्याआधी ५ मिलिसेकंद आणि सोडल्यावर ३०० मिलिसेकंद थांबतो. तुमच्या रिझ्यूममध्ये थांबणंच नाही. प्रोबमध्ये (ड्रायव्हर पहिल्यांदा चिपशी जोडला जातो तेव्हा) ते चालतं, कारण बूटलोडरने ती रेल (पुरवठ्याची तार) कधीच चालू केलेली असते.

'ई' जास्त गुंतागुंतीचा आहे. रेग्युलेटर बंद केला म्हणजे रेल शून्यावर आली असं होत नाही. रेलवर ४७ मायक्रोफॅरड असतील आणि डिस्चार्जला फक्त १० किलोओहम, तर टाइम कॉन्स्टंट ०.४७ सेकंद. ३.३ व्होल्टपासून ०.३ व्होल्टपर्यंत यायला त्याच्या २.४ पट, म्हणजे १.१ सेकंदाच्या जवळपास. तुम्ही अर्ध्या सेकंदात उठवलंत तर रेल साधारण १.१ व्होल्टवर आहे. एवढ्यात चिपचा पॉवर-ऑन रीसेट चालेलच असं नाही. ती अर्धमेल्या अवस्थेत अडकते आणि इंटरप्टची तार खाली ओढून बसते.

त्यात चोरपुरवठा भर घालतो. रेल बंद, पण रीसेट जीपीआयओ हाय ठेवलेला किंवा आयटूसीचे पुल-अप दुसऱ्या चालू रेलवर. चिपच्या पिनांवरच्या संरक्षक डायोडमधून करंट आत शिरतो आणि रेल एखाद-दीड व्होल्टवर तरंगत राहते. मग कितीही थांबा, शून्य येतच नाही. मल्टीमीटर रेलवर लावून सस्पेंडमध्ये आकडा बघा. हे ड्रायव्हर वाचून कधीच सापडणार नाही.

म्हणून सस्पेंडमध्ये: रीसेट लो करा, मग रेग्युलेटर बंद. रिझ्यूममध्ये: रीसेट लोच, रेग्युलेटर चालू, ५ मिलिसेकंद, रीसेट सोडा, ३०० मिलिसेकंद, रजिस्टरं लिहा, आणि सगळ्यात शेवटी एनेबल_आयआरक्यू. तुम्ही इंटरप्ट चिप तयार व्हायच्या आधी उघडताय. लेव्हल-लो तार खाली आहे, हँडलर पळतो, वाचन फसतं, 'माझा नाही' म्हणून परत येतो, तार अजून खालीच, पुन्हा पळतो. १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कोणीच घेतला नाही की कर्नल ती लाइन बंदच करून टाकतो. तुमचा टच तिथे मेला.

रेल खरोखर उतरायला वेळ हवा असेल तर फिक्स्ड रेग्युलेटरच्या डिव्हाइस ट्रीतल्या नोडमध्ये 'ऑफ-ऑन-डिले-यूएस' द्या. बंद झाल्यापासून तेवढा वेळ झाला नसेल तर रेग्युलेटर कोअर उरलेला वेळ थांबतो. ड्रायव्हरमध्ये एमस्लीप पेरण्यापेक्षा हे चांगलं, कारण हा बोर्डाचा गुण आहे, चिपचा नव्हे.

आणखी एक. रेग्युलेटर_डिसेबल ही विनंती आहे. दुसरं कोणी तीच रेल वापरत असेल किंवा नोडमध्ये 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' असेल तर पुरवठा चालूच राहतो आणि डिसेबल तरीही शून्य परत करतं. तेव्हा रिझ्यूम दोन्ही परिस्थितींत चाललं पाहिजे: चिप सगळं विसरलेली असो की काहीच विसरलेली नसो. रीसेट मारून सुरुवात केली की दोन्हींत फरक उरत नाही.

तांबडा_जंपर

'इ' आणि 'ई' एकदम उलगडले. रीसेट जीपीआयओ सस्पेंडमध्ये हायच राहतोय आणि रेल मोजली तर १.४ व्होल्ट दाखवतेय.

एक शंका. रिझ्यूममध्ये ३०० मिलिसेकंद झोपलो तर अख्खा बोर्ड तेवढा उशिरा उठेल ना? डिस्प्ले आमच्याकडे टचच्या नंतर उठतो.

कोरडी_सोल्डर

प्रोबमध्ये डिव्हाइस_एनेबल_असिंक_सस्पेंड बोलवा. मग या डिव्हाइसाचा कॉलबॅक वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो आणि फक्त त्याच्यावर अवलंबून असलेले थांबतात. पण आता अवलंबित्वं खरी नोंदवलेली हवीत. आजवर निव्वळ नोंदणीच्या क्रमामुळे योगायोगाने बरोबर चाललेलं असिंक केल्यावर मोडतं. आईबाप-पोर नातं आपोआप पाळलं जातं. आडवी नाती, म्हणजे क्लॉक, पॅनेल, फाय, ही डिव्हाइस लिंकने सांगावी लागतात. संशय आला तर /सिस/पॉवर/पीएम_असिंक मध्ये ० लिहून चालवून बघा. त्याने दोष गेला तर क्रमाचाच प्रश्न.

दुसरा मार्ग: रिझ्यूममध्ये फक्त पुरवठा द्यायचा आणि उरलेलं वर्कमध्ये टाकायचं. चालतं, पण मग ते वर्क संपायच्या आत पुन्हा सस्पेंड आलं तर ते रद्द करणं, इंटरप्ट उघडला होता की नव्हता हे लक्षात ठेवणं, सगळं सांभाळावं लागतं. डिसेबल आणि एनेबलची मोजणी एकाने जरी चुकली की इंटरप्ट कायमचा बंद. असिंक पुरत असेल तर तिकडे जाऊ नका.

नोंदवही

रजिस्टरं परत लिहिण्याबद्दल. हाताने यादी ठेवण्यापेक्षा रेगमॅपचा (रजिस्टरं वाचा-लिहायची कर्नलची सोय) कॅशे वापरा. सस्पेंडमध्ये रेगकॅशे_कॅशे_ओन्ली चालू आणि रेगकॅशे_मार्क_डर्टी; रिझ्यूममध्ये कॅशे_ओन्ली बंद आणि रेगकॅशे_सिंक. मार्क_डर्टी विसरलात तर सिंक 'काही बदललंच नाही' म्हणून गप्प परत येतो, एरर येत नाही, आणि चिप रीसेटच्या मूळ मूल्यांवर राहते. हा दोष शोधायला फार वेळ जातो. स्टेटस आणि डेटाची रजिस्टरं व्होलाटाइल (कॅशेत न ठेवायची) म्हणून नोंदवलेली असू द्या. आणि लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ आधी मोड आणि मग थ्रेशोल्ड, तर सिंकवर सोडू नका; तो पत्त्यांच्या क्रमाने लिहितो.

रनटाइम पीएम असलेल्या ड्रायव्हरांसाठी: झोपायची वेळ येते तेव्हा डिव्हाइस आधीच रनटाइममध्ये झोपलेलं असू शकतं. सस्पेंडमध्ये डोळे झाकून क्लॉक बंद केलं तर तेच क्लॉक दोनदा बंद होतं आणि क्लॉक कोअरची वॉर्निंग येते. दोन्हींत तेच काम असेल तर सिस्टीम सस्पेंडला पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि फोर्स_रिझ्यूम जोडा. डिव्हाइस आधीच झोपलेलं असेल तर ते काही करत नाही. पीएम_रनटाइम_गेट_सिंक फसलं तरी मोजणी वाढवून ठेवतं हेही ध्यानात असू द्या. ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते फसल्यास मोजणी स्वतः उतरवतं. नव्या कोडमध्ये तेच वापरा.

हिरवा_पीसीबी

पीसीआयई कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर आहे. रिझ्यूमनंतर स्टेटस रजिस्टरचे सगळे बिट १ येतात. पीसीआय_सेव्ह_स्टेट आणि पीसीआय_सेट_पॉवर_स्टेट दोन्ही सस्पेंडमध्ये केलंय. धागा वेगळा काढू का?

आयआरक्यू_वाचक

इथेच सांगतो, मूळ तेच आहे. सगळे बिट १ म्हणजे पलीकडे कोणी उत्तर देत नाहीये: कार्ड अजून डी३मध्ये (झोपेची अवस्था; जागी अवस्था म्हणजे डी०) आहे किंवा लिंक उठलेली नाही.

डीईव्ही_पीएम_ऑप्स वापरत असाल तर ते दोन्ही कॉल काढून टाका. कॉन्फिग स्पेस जपणं, कार्डाला डी३मध्ये नेणं, उठताना परत डी०मध्ये आणून कॉन्फिग स्पेस भरणं हे पीसीआय कोअर नोआयआरक्यू टप्प्यांत स्वतः करतो. तुम्ही स्वतः स्टेट सेव्ह केलीत की कोअर समजतो की हा ड्रायव्हर पॉवरचं स्वतः बघतोय आणि बाजूला होतो. तुमच्या 'रिझ्यूम'मध्ये पोचेपर्यंत कोअरने कार्ड उठवलेलं असतं. तुम्ही फक्त स्वतःची बीएआरमधली (कार्डाची मेमरीत दिसणारी जागा) रजिस्टरं भरायची.

डीएमए रिंग (कार्ड स्वतः मेमरीत डेटा लिहितं त्या जागांची गोल यादी) असेल तर तिथे खास लक्ष द्या. सस्पेंड-टू-रॅममध्ये मेमरी शाबूत राहते, म्हणून रिंगमधले डिस्क्रिप्टर जसेच्या तसे दिसतात आणि फसगत होते. कार्डाच्या आतले पॉइंटर मात्र गेलेले असतात. ड्रायव्हर म्हणतो पुढची जागा ३७, कार्ड सुरू होतं ० पासून. कार्ड ०वर लिहितं, ड्रायव्हर ३७वर वाट बघतो, कुठेही एरर नाही आणि फ्रेम येत नाही. रिझ्यूममध्ये रिंगचा पत्ता, लांबी आणि दोन्ही पॉइंटर नव्याने लिहा, डिस्क्रिप्टरांचे मालकीचे बिट पुसा, आणि शेवटी डीएमए चालू करा. सस्पेंडमध्ये डीएमए थांबवा म्हटल्यावर तो खरोखर थांबल्याचा बिट येईपर्यंत वाचत राहा, वेळेची मर्यादा घालून. मर्यादा संपली तर कार्ड रीसेट करा. चालू डीएमएसकट झोपायचं नाही.

इंटरप्टची लाइन दुसऱ्या कार्डाबरोबर वाटून घेतली असेल तर हँडलरच्या पहिल्याच ओळीत 'सगळे बिट १ असतील तर माझा नाही' ही तपासणी हवी. नाहीतर शेजाऱ्याच्या इंटरप्टवर तुमचा हँडलर प्रत्येक बिटाला खरा धरून कामाला लागतो.

बारा_व्होल्ट

तपासायची पद्धत एकत्र लिहून ठेवतो, म्हणजे दोघांनाही वापरता येईल.

कर्नलच्या कमांड लाइनवर नो_कन्सोल_सस्पेंड आणि इनिटकॉल_डीबग. पहिल्याने सिरियल कन्सोल शेवटपर्यंत जागा राहतो, दुसऱ्याने प्रत्येक डिव्हाइसाच्या कॉलबॅकला किती वेळ लागला ते छापलं जातं. मग /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये पायरी-पायरीने फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म लिहा आणि प्रत्येक वेळी /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'मेम'. फ्रीझरवरच २० सेकंदांनी फसलं तर दोष टास्क गोठवण्यात आहे, तुमच्या कॉलबॅकपर्यंत गाडी आलेलीच नाही. सगळं पार पडलं की पीएम_टेस्ट मध्ये 'नन' लिहून खरी झोप: आरटीसीवेक -एम मेम -एस १०, हे लूपमध्ये २०० वेळा. मधलं अंतर बदलतं ठेवा, ० पासून ५ सेकंदांपर्यंत. 'ई'सारखे दोष ठरावीक अंतरावर कधीच दिसत नाहीत.

सस्पेंड रद्द होत असेल तर /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स मध्ये शेवटी कुठलं डिव्हाइस, कुठल्या टप्प्यात, कुठल्या आकड्याने फसलं ते तयार मिळतं. सस्पेंडने एरर दिला तर अख्खी झोप रद्द होते; रिझ्यूमने दिला तर फक्त लॉगमध्ये ओळ पडते. म्हणून रिझ्यूममधला एरर गिळू नका, देव_एररने काय फसलं ते लिहा.

पूर्ण सिस्टीम गारठत असेल तर एक्स८६वर पीएम_ट्रेस आहे (एआरएम६४वर नाही), पण तो खूण आरटीसीतच लिहितो, त्यामुळे घड्याळ बिघडतं. तारीख परत लावल्याशिवाय त्या बोर्डावर आरटीसीवेकची चाचणी घेऊ नका.

तांबडा_जंपर

बदल केले: लॉकशिवाय डिसेबल_आयआरक्यू, मग वर्क रद्द, रीसेट लो, रेग्युलेटर बंद. रेल आता सस्पेंडमध्ये ०.०५ व्होल्टपर्यंत उतरते. ऑफ-ऑन-डिले दीड सेकंद. एनेबल_आयआरक्यू शेवटी. आयटूसी कंट्रोलर नोआयआरक्यूमध्ये हलवला. 'डीप'मध्ये २०० पैकी २००, चारही लक्षणं नाहीत.

डीफाइन_सिंपल_डीईव्ही_पीएम_ऑप्स वापरलंय. हायबरनेटसाठी (मेमरी डिस्कवर लिहून पुरवठा बंद करणं) वेगळं काही लागेल?

नोंदवही

तो मॅक्रो तुमचं सस्पेंड फंक्शन फ्रीझ आणि पॉवरऑफलाही लावतो, आणि रिझ्यूम फंक्शन थॉ आणि रिस्टोअरला. तुमच्यासाठी पुरेसं आहे, कारण तुम्ही रीसेट मारून सुरू करताय. रिस्टोअरच्या आधी वेगळ्याच कर्नलने बूट होऊन तीच चिप वापरलेली असते, त्यामुळे चिप कुठल्या अवस्थेत मिळेल ते सांगता येत नाही. ज्या ड्रायव्हरांना 'मी सोडलं तसंच सापडेल' असं वाटतं ते इथे पडतात.

एकच बघा: वेकअप-सोर्स असताना तुमचं रिझ्यूम अजूनही सुरुवातीलाच परत फिरतंय. हायबरनेटनंतर पुरवठा गेलेला असतो, मग वेकअप असो वा नसो. रिस्टोअरला वेगळं फंक्शन द्या आणि त्यात रीसेटपासूनचा पूर्ण क्रम नेहमी चालवा.